तार छेडल्यानंतर

गिटारची तार छेडली की सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. व्हायोलिनवाल्याच्या हाती गज असतो, पेटीवाल्याच्या हाती भाता असतो, गायकाजवळ श्वास असतो. हे तिघेही लागलेला सूर हवा तितका वेळ तेवत ठेवू शकतात, मनात आले तर मध्येच वाढवूही शकतात. गिटारवाल्याला ही सोय नाही. नखाचा किंवा पिकचा एक आघात, आणि मग हाती उरतात दोन-चार सेकंद. तेवढ्यात डाव्या हाताची बोटे त्या तारेला ओढतात, हलवतात, सरकवतात की नुसतीच धरून ठेवतात, आणि पुढचा आघात किती लवकर किंवा किती उशिरा येतो, यावर ऐकणाऱ्याच्या आत काही हलणार की नाही हे ठरते. गिटार भाव ओतून कशी वाजवायची, हा प्रश्न नव्याने शिकणारी मुले फार विचारतात. उत्तर शोधत गेलो की मी दरवेळी याच दोन-चार सेकंदांपाशी येऊन पोचतो. वेग, अवघड कॉर्ड, महागडे वाद्य हे सगळे त्याच्यानंतर.

गोव्यात हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो, आणि त्यातही पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत. गोवा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे गिटार येते. पण ती गिटार ज्या गोव्यात रुजली तो गोवा शापोरा नदीच्या दक्षिणेचा. शिवोलीच्या काठावर उभे राहिले की समोर चोपडे दिसते. अलीकडे बार्देश, पलीकडे पेडणे. आज पूल आहे, पूर्वी फेरीबोट होती. पाण्याची रुंदी फारशी नाही, पण संगीताच्या दृष्टीने ही नदी कितीतरी रुंद आहे.

तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच घेतले. तिथे चर्च आले आणि चर्चला जोडून पाठशाळा आल्या. त्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेज शिकवी, म्हणजे सुरांची नावे घेत लिखित स्वरलिपी गाणे, आणि व्हायोलिन हातात देई. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले. मुंबईच्या चित्रपट संगीतातल्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने दिसत, कारण लिहिलेले संगीत समोर ठेवले की ते वाचून वाजवणारी माणसे इथल्या शाळांनी आधीच तयार केली होती. पेडणे आणि डिचोली मात्र पोर्तुगिजांच्या हाती आले ते १७८० च्या दशकात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतल्या, म्हणजे उशिरा जिंकलेल्या या मुलखातल्या, लोकांचे देव, देवळे, रीतिरिवाज जसेच्या तसे राहिले. त्यांच्याबरोबर गाणेही राहिले. भजन, कीर्तन, दशावतार, घुमटआरती, आणि पुढे नाटकांचे वेड लागल्यावर नाट्यगीते. डिचोली तालुक्यात साखळीजवळ विठ्ठलापूरला विठ्ठलाचे देऊळ आहे, नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे, शिरगावला लईराई आहे. अशा गावांत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर पहिले संगीत पडते ते पेटी, पखवाज आणि टाळांचे. पेडणे तालुक्यातही ख्रिस्ती वस्ती आहे, हरमलला चर्च आहे, तिथले कॉयर आहे. पण तालुक्याचा एकूण कान भजनाचा आहे.

या भजनी कानाच्या मुलाने गिटार हातात घेतली की काय होते, हे मला समजून घ्यायचे होते.

*

सुरुवात गिटारपासून लांब, घुमटापासून करतो. घुमट हे मातीचे भांडे. त्याला दोन तोंडे असतात. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवलेले असते, लहान तोंड उघडे. पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदा ठरले आणि आता शेळीच्या कातड्यावर काम चालते. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. चतुर्थीच्या दिवसांत पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत घरोघरी घुमटआरती ऐकू येते, सोबत शामेळ आणि कांसाळे. दूरवरून ऐकणाऱ्याला वाटते की हा नुसता ठेका आहे. जवळ बसून पाहिले की दिसते, उजवा हात कातड्यावर पडतो आणि डावा हात मागच्या उघड्या तोंडावर असतो. तळवा किती झाकायचा, केव्हा उघडायचा, यावर घुमटाचा आवाज फुगतो, आवळतो, वर चढतो, खाली बसतो. आघात उजव्याचा असतो, पण आवाजाला बोलके करतो तो डावा. तबल्यावर डग्गा वाजवणाऱ्याचे मनगट जेव्हा कातड्यावर पुढे सरकते तेव्हाही हेच होते.

गिटारमध्येही कामाची वाटणी अशीच आहे. म्हणून ज्या मुलाने चतुर्थीला घुमट बडवले आहे त्याला गिटारच्या डाव्या हाताचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागू नये. प्रत्यक्षात मात्र तेच सांगावे लागते. क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून त्याला कॉर्ड शिकवले जातात आणि डावा हात म्हणजे बोटांचे साचे बदलण्याचे साधन, अशी त्याची समजूत होऊन बसते. उजवा हात वर-खाली करत राहतो. गाणे ओळखू येते. घरचे खूश होतात. तीन महिन्यांनी मुलाला जाणवते की आपण वाजवतो ते बरोबर आहे, पण त्यात जीव नाही. इथे बरीच मुले गिटार कपाटावर ठेवून देतात.

उजव्या हाताकडेही नीट पाहायला हवे. एकच तार, एकाच जोराने, पण ब्रिजजवळ छेडली तर आवाज धातूसारखा, धारदार येतो. मधल्या भोकाच्या पुढे, मानेकडे छेडली तर गोल, मऊ. स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगाने आयुष्याच्या शेवटच्या काळात नखे कापून टाकली आणि नुसत्या बोटांच्या मांसाने वाजवू लागला, कारण त्याला हवा तो आवाज नखाने येत नव्हता. त्याच्यानंतरच्या सेगोव्हियाने नख आणि मांस दोन्ही वापरले आणि मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज काढला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. माणसाच्या आवाजाला जसा लगाव असतो तसा बोटालाही असतो, आणि तो ज्याचा त्याने शोधावा लागतो.

*

पेटीची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पेडणे-डिचोलीचा कान पेटीवर घडलेला आहे. पेटीची पट्टी दाबली की तिचा ठरलेला सूर येतो. दोन पट्ट्यांच्या मधले काही वाजत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, म्हणजे मींड, पेटीला शक्य नाही. याच कारणाने आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. असे असूनही भजनात, नाटकात, दशावतारात पेटीच राहिली, आणि गोव्याने पेटीचे थोर वादक दिले. बोरीचे तुळशीदास बोरकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, ते मधुकर पेडणेकर म्हणजे पी. मधुकर यांचे शिष्य. पेटी गळ्यासारखी वाजली पाहिजे हा पी. मधुकरांचा ध्यास होता. जे वाद्य मींड घेऊ शकत नाही त्याच्यावर कण, भात्याचा दाब, दोन सुरांची एकमेकांवर किंचित पडणारी सावली यांच्या जोरावर गायकी उभी करायची, हे त्यांनी साधले. वाद्याला जे जमत नाही त्याची आस धरून वाजवले की वाद्य त्याच्या मर्यादेपलीकडे जाते, हे मला त्यांच्या पेटीने शिकवले.

दशावताराचा पेटीवाला आणखी वेगळी कसरत करतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे ठरतात, आणि रात्री देवळासमोर नाटक उभे राहता राहता संवाद आणि पदे घडत जातात. पात्राने अचानक पद उचलले की पेटीवाल्याने त्याची पट्टी पकडायची, त्याच्या मागोमाग जायचे, तो थांबला की थांबायचे, रडताना लय लांबली की आपणही लांबायचे. पखवाज आणि झांज बाजूला असतात, पण पात्राच्या श्वासावर नजर पेटीवाल्याची. पेडणे आणि पलीकडे सिंधुदुर्गातली सावंतवाडी-वेंगुर्ल्याची गावे यांत ही परंपरा एकच आहे, मध्ये तेरेखोल नदी असली तरी.

आता पणजीच्या फादोकडे पाहू. लिस्बनमधले हे गाणे पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आले. २०११ मध्ये युनेस्कोने फादोचा जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. फादोत गायिकेच्या बाजूला दोन वाद्ये असतात. एक आपली नेहमीची सहा तारांची गिटार, जिला पोर्तुगीज लोक व्हिओला म्हणतात, ती लय आणि खर्ज सांभाळते. दुसरी पोर्तुगीज गिटार, नासपतीच्या आकाराची, बारा तारांची, दोन-दोन तारांच्या सहा जोड्या, वर पंख्यासारखा पसरलेला खुंट्यांचा साचा. ती अंगठा आणि तर्जनीला बसवलेल्या नखांनी वाजते. तिचे काम गायिकेला उत्तर देणे. गायिका ओळ संपवते, श्वास घेते, आणि त्या श्वासाच्या जागेत गिटार बोलते. गायिका एखाद्या शब्दावर रेंगाळली तर सगळे थांबतात. तालाचे कडक बंधन नाही, लय तिच्या भावाप्रमाणे ताणली जाते, सैल होते.

दशावताराचा पेटीवाला आणि फादोचा गिटारवाला यांची कधी गाठ पडली नसेल. दोघांचे काम मात्र एकच आहे. दुसऱ्याच्या तोंडातल्या शब्दाच्या मागे जाणे. भाव वाजवणे म्हणजे बऱ्याचदा आपले दुःख वाजवणे असे समजले जाते, आणि मग वादक डोळे मिटून, मान डोलावून आपल्यातच बुडतो. या दोन्ही परंपरांत वादकाचे डोळे उघडे असतात, समोरच्याच्या ओठांवर असतात. ज्याला साथ करता येते त्याचे एकट्याचे वादनही हळूहळू बोलके होते, कारण एकटा वाजवतानाही तो मनातल्या गायकाच्या मागे जात असतो.

१९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपल्यानंतर गोव्यात पोर्तुगीज गिटारचा आवाज बराच क्षीण झाला. पोर्तुगीज भाषा मागे पडली, शिकवणारे उरले नाहीत. पुढे लिस्बनचे ज्येष्ठ वादक अंतोनियो शाइन्यु यांनी गोव्यात येऊन हे वाद्य शिकवले, आणि २०१० च्या त्यांच्या 'लिसगोआ' या ध्वनिमुद्रिकेत गोव्याच्या गायिका गायल्या. त्यातल्या एक सोनिया शिरसाट. फोंड्याच्या, आडनाव आपल्या ओळखीचे, आणि आज गोव्याचा फादो म्हटले की पहिले नाव त्यांचेच. त्यांच्या मागे पोर्तुगीज गिटार घेऊन फ्रान्झ शुबर्ट कोत्ता आणि व्हिओला घेऊन कार्लोस मिनेझीस बसतात तेव्हा उत्तर देणारी गिटार म्हणजे काय हे ऐकायला मिळते. पणजीत ओर्लांदो द नोरोन्हा यांनी 'माद्रागोआ' नावाची लहानशी जागा मांडो या कोकणी गीतप्रकारासाठी आणि फादोसाठी चालवली आहे. तिथे माईकची गरज पडत नाही. डिचोलीच्या एखाद्या भजनी मुलाने एक संध्याकाळ तिथे जाऊन बसावे असे मला मनापासून वाटते. शब्द कळणार नाहीत. शब्दांच्या मागे गिटार कशी जाते ते कळेल.

*

आता अडचणीच्या जागेकडे येऊ. गिटारलाही पडदे आहेत, ज्यांना आपण फ्रेट म्हणतो, आणि ते पेटीच्या पट्ट्यांसारखेच बारा समान भागांत बसवलेले आहेत. पण पेटीत आणि गिटारमध्ये एक मूलभूत फरक आहे. गिटारची तार बोटाखाली असते. ती आडवी ओढली की ताण वाढतो आणि सूर चढतो. सा वरून रे पर्यंत, म्हणजे एका पूर्ण स्वराइतके चढायचे तर तारेचा ताण साधारण सव्वापट करावा लागतो. जाड तारांच्या गिटारवर हे करताना बोटाची कातडी सोलते. इलेक्ट्रिक गिटारच्या बारीक तारांवर ते सहज होते. नायलॉनच्या तारांवर जवळजवळ होतच नाही, तिथे तारेच्या लांबीच्या दिशेने बोट हलवून स्वराला कंप द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र फार थोडे शिक्षक सांगतात. तार ओढली की सूर फक्त चढतो, उतरत नाही. आपल्या गाण्यात तर भावाची निम्मी जागा उतरण्यात आहे. भूपात धैवतावरून पंचमावर येणे, भैरवीत कोमल रिषभावरून षड्जावर टेकणे, अभंगाचा चरण संपताना खाली उतरणे, या जागा गिटारवर घ्यायच्या तर आवाज न काढता तार आधीच ओढून ठेवावी लागते. पंचमाच्या फ्रेटवर बोट, तार धैवतापर्यंत ताणलेली, मग छेडायची, आणि मग सोडत सोडत पंचमावर यायचे. कुठवर ताणले आहे हे छेडेपर्यंत ऐकू येत नाही. बोटालाच ते ठाऊक असावे लागते. दरबारीचा गंधार तर याहून कठीण. तो फ्रेटवर सापडत नाही, त्याच्या किंचित खाली असतो आणि स्थिर नसतो. तो घ्यायचा तर रिषभाच्या फ्रेटवर बोट ठेवून तार वर ओढत न्यायची आणि गंधाराच्या अलीकडेच तिला हळूहळू झुलवत ठेवायची. ज्याने दरबारी ऐकलेला नाही त्याच्या बोटाला कुठे थांबायचे हे कळणार नाही. ज्याने लहानपणापासून ऐकलेला आहे त्याच्या बोटाला ते सापडते, फक्त वेळ लागतो. भजनी घरातल्या मुलाची खरी पुंजी इथे आहे. त्याला थांबायची जागा माहीत आहे, तिथवर पोचण्याचा रस्ता तेवढा गिटारवर शोधायचा आहे.

हा रस्ता शोधणारे दुसरे लोक फार दूरचे होते. अमेरिकेच्या मिसिसिपीत कापसाच्या शेतांवर वाढलेल्या गिटारवादक बी. बी. किंगचा नातेवाईक बुक्का व्हाइट तारेवर धातूची नळी सरकवत वाजवी. किंगला ती नळी जमली नाही. मग तो आवाज नुसत्या बोटाने काढता येतो का, हे तो शोधत राहिला आणि त्यातून त्याचा तो प्रसिद्ध कंप आला, मनगटापासून हाताचा पंजा फडफडवून स्वराला दिलेला. तो एकाच वेळी गात आणि वाजवत नसे. ओळ गायची, मग गिटारने तिला उत्तर द्यायचे. फादोतही हेच आपण पाहिले. त्याचे सूर मोजके असत, आणि लोक त्याला एका सुरावरून ओळखत.

आपल्याकडे नळीचा रस्ता ब्रिजभूषण काब्रा यांनी घेतला. जोधपूरचे काब्रा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत त्यांनी राग वाजवले. फ्रेट उरतच नाहीत, मींड हवी तितकी लांब. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' मध्ये शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसोबत त्यांची गिटार आहे. मला ती तिथे सर्वांत आवडते, कारण ती सर्वांत कमी बोलते. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारमध्ये तरफेच्या तारा घालून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये राय कूडरसोबतच्या ध्वनिमुद्रिकेसाठी ग्रॅमी मिळवले. तरफेच्या तारा ही विरणाऱ्या सुरावरची एक युक्ती आहे. मुख्य तारेचा सूर विरू लागला की खालच्या तारा त्याला धरून ठेवतात, आस लांबते.

*

गोव्याच्या रक्ताचा, आणि पाश्चात्त्य व भारतीय अशा दोन्ही कानांचा एक गिटारवादक होऊन गेला. त्याचे नाव मराठीत फारसे घेतले जात नाही याचे मला वाईट वाटते. अमान्सियो डिसिल्वा. जन्म १९३६, मुंबईत, गोव्याच्या घरात. जॅझ वाजवणारा. साठच्या दशकात तो लंडनला गेला आणि १९६९ मध्ये त्याच्या दोन ध्वनिमुद्रिका आल्या, एक 'इंटिग्रेशन' आणि दुसरी जमैकात जन्मलेल्या सॅक्सोफोनवादक जो हॅरियटसोबतची 'हम दोनो'. त्यानंतर, १९७२ च्या सुमारास त्याने सतार आणि तबला घेऊन 'कोकण डान्स' ध्वनिमुद्रित केली. ती तेव्हा बाजारात आलीच नाही. तो १९९६ मध्ये वारला, आणि 'कोकण डान्स' त्यानंतर दहा वर्षांनी लोकांनी ऐकली.

त्याचे वादन ऐकताना मला त्याच्या थांबण्याचे वेड लागले. जॅझमध्ये त्या काळी, आणि आजही, सुरांची गर्दी करण्याचा मोह मोठा. डिसिल्वा एक छोटे वाक्य वाजवतो, थांबतो, तेच वाक्य एक सूर बदलून पुन्हा वाजवतो, जणू आलापीत बढत करतो आहे. तार तो फार ओढत नाही, कारण त्याच्या जातीच्या गिटारवर जाड तारा असत. मींडेची उणीव तो कणांनी आणि सरकत्या बोटाने भरतो. पी. मधुकरांनी पेटीवर केले तसेच. दोघांमध्ये काही संबंध नाही, आणि तरीही मला दोघे एका गावचे वाटतात.

शिवोलीत, म्हणजे पेडण्यासमोरच्या काठावर, रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये घरच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर 'गोअन क्रेझी' ध्वनिमुद्रित केली. बहुतेक वाद्ये स्वतः वाजवली. त्या गिटारमध्ये मांडो आहे, रॉक आहे, आणि गावचा माणूस आहे. मुंबईच्या स्टुडिओची वाट न पाहता गावात बसून काम करता येते हे त्यांनी दाखवले. आज ज्याच्या हाती फोन आहे त्या प्रत्येक मुलाला ते शक्य आहे, म्हणून त्याचे नवल वाटत नाही. १९८४ मध्ये ते धाडस होते.

*

आजच्या पेडण्यात गिटार भरपूर आहे. अंजुणा-कळंगुटला गर्दी वाढली तसे परदेशी प्रवासी उत्तरेकडे सरकत हरमल, मांद्रे, मोरजीला आले. हरमलच्या वाळूत संध्याकाळी ढोलकी, जेंबे आणि गिटारी घेऊन लोक गोल करून बसतात. ऑक्टोबरात शॅक उभे राहिले की मे महिन्यापर्यंत वाजवणाऱ्याला काम असते. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून धारगळ, पेडणे हा पट्टा आणखी गजबजला आहे. डिचोलीत खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकवर, खाणीवर पोट असलेल्या घरांतल्या तरुणांना दुसरा रोजगार शोधावा लागला. त्यात किनाऱ्यावरच्या हॉटेलात संध्याकाळी गाणेबजावणे हाही एक.

पण हे काम भाव शिकवत नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे. ग्राहक जेवत असतो, बोलत असतो. त्याला ओळखीची गाणी हवी असतात, आणि ती मूळ रेकॉर्डसारखीच हवी असतात. रात्री दहाच्या आधी सगळे संपवायचे, कारण त्यानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. गोंगाटावर मात करायची तर जोरात वाजवावे लागते, आणि सतत जोरात वाजवणाऱ्याच्या हातून हळू वाजवण्याची ताकद निघून जाते. हळू आणि जोरात यांच्यातले अंतर हे गिटारवाल्याचे मोठे भांडवल. एका हंगामात ते संपलेले मी ऐकले आहे. वाजवणाऱ्याचा यात दोष नाही, त्याला घर चालवायचे असते.

परीक्षांबद्दल लोक सरसकट नाके मुरडतात, ते मला पटत नाही. लंडनच्या ट्रिनिटीच्या परीक्षा गोव्यात अनेक मुले देतात. त्यात अचूकपणा आणि तंत्र यांच्याबरोबर रचना श्रोत्यांपर्यंत पोचवण्याचे आणि तिचा अर्थ लावण्याचेही वेगळे गुण असतात. म्हणजे परीक्षेला भाव नको आहे असे नाही. अडचण अशी की वर्षभरात ठरलेल्या मोजक्या रचना घोटल्या जातात आणि मूल त्यांच्या बाहेर एकही सूर स्वतःहून वाजवत नाही. पणजीत कांपालला चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमीची इमारत आहे. तिथे एकाच छताखाली पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे आणि भारतीय संगीताचाही. एकीकडे मुले स्वरलिपी वाचतात, दुसरीकडे मुले कानाने बंदिश उचलतात. हीच अकादमी मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाने राज्यभर भजनी स्पर्धा घेते, आणि पेडणे-डिचोलीची पथके तिथे ईर्षेने उतरतात. या दोन दालनांमधल्या मुलांनी एकमेकांच्या वर्गात बसायला हवे, असे मला फार वाटते. भजनाचे बुवा शिकवताना शब्दाकडे बघतात. शब्द कुठे तुटतो, कुठे श्वास घ्यायचा, 'विठ्ठला' म्हणताना ठ वर किती वजन टाकायचे. हे ज्ञान गिटारवाल्याला जसेच्या तसे उपयोगी आहे. गिटारवर वाजवण्याआधी ओळ गाऊन पाहावी, आवाज बरा नसला तरी. जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे हातही थांबला पाहिजे.

गोव्यातली एक साधी अडचणही सांगून ठेवतो. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की स्वस्त गिटारींची लाकडे फुगतात, मान वाकते, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेने पोलादी तारा काही आठवड्यांत गंजतात. गंजलेल्या, उंच उचललेल्या तारेवर मींड तर सोडाच, साधा सूर धरतानाही बोट दुखते, आणि मूल समजते की आपल्यालाच जमत नाही. वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, गिटार कोरड्या जागी ठेवावी, आणि पावसाळा संपला की जाणकाराकडून तारांची उंची एकदा नीट करून घ्यावी. खर्च थोडा आहे, पण बरीच मुले केवळ याअभावी सोडून देतात.

माझी सूचना एवढीच आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जिथे जिथे पेटी-तबल्याचा वर्ग भरतो, साखळीचे रवींद्र भवन असो की एखाद्या देवळाचा सभामंडप, तिथे एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि लहानसा ॲम्प्लिफायर ठेवावा. तारा बारीक असाव्यात, तिसरी तार वेटोळ्याची नसावी, म्हणजे ती ओढता येईल. पहिले सहा महिने मुलाला कॉर्ड शिकवू नयेत. त्याला आधीच येत असलेल्या एका अभंगाची चाल एकाच तारेवर, एकाच बोटाने, सरकत सरकत वाजवायला लावावी. मग दोन बोटांनी. मग तार ओढून, आणि शेवटी आधी ओढून ठेवलेली तार सोडून. शिक्षक गिटारवालाच असला पाहिजे असे नाही. चूक कुठे होते ते बुवांना ऐकून सांगता येईल, कारण त्यांना चाल माहीत आहे. वर्षाअखेरीस परीक्षा न घेता श्रावणातल्या सप्ताहात त्या मुलाला पेटीवाल्याशेजारी बसवावे, एका गवळणीपुरते. ॲम्प्लिफायरचा आवाज इतका कमी ठेवावा की गवळणीचे शब्द बुडणार नाहीत, आणि त्याने फक्त ओळींच्या मधल्या श्वासात वाजवावे.